डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात काही शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर’ हे त्यांपैकी सर्वांत वजनदार. फियाट आणि अँबॅसॅडरच्या काळात हे शब्द जाहिरातीत असायचे, मारुती ८०० च्या काळात दलालाच्या तोंडी आले आणि आता ते मोबाइलवर आलेल्या छायाचित्राखाली दिसतात. गाडी जपून चालवली असणार, तेलपाणी वेळच्या वेळी झाले असणार, भाड्याने फिरवलेली नसणार आणि सांगणारा खोटे बोलत नसणार, एवढी सगळी ग्वाही या चार शब्दांत गृहीत धरलेली असते. समाजाने आपल्या व्यवसायाला दिलेले हे न मागता मिळालेले प्रशस्तिपत्र आहे आणि ते वाचून कोणाही डॉक्टरला बरे वाटावे.

परंतु गाडी घेणारा जेव्हा आपल्याच घरातील असतो, तेव्हा या प्रशस्तिपत्राकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. माझ्यावर तो प्रसंग २०२५ च्या मे महिन्यात आला. माझी पुतणी नुकतीच एम.बी.बी.एस. होऊन जांबोटी–कणकुंबी रस्त्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाली होती. राहायला बेळगावात, टिळकवाडीत. आणि रोजचे जाणे-येणे जंगलातून जाणाऱ्या, गोव्याकडील मालवाहू ट्रकांनी सतत गजबजलेल्या रस्त्यावरून. मलप्रभेचा उगम जेथे होतो तो हा मुलूख. तेथला पाऊस खानापूर तालुक्यातील मंडळींना सांगायला नको. जूनच्या आत गाडी हवी होती आणि हाताशी साठवलेले दोन लाख रुपये होते. अशात कोल्हापूरहून एका परिचितांचा निरोप आला : २०११ ची सँट्रो, पेट्रोल, धाव फक्त ४६ हजार किलोमीटर, अपेक्षित किंमत एक लाख वीस हजार. डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर.

“काका, तुम्ही हो म्हणालात तर मी घेते,” एवढेच ती म्हणाली आणि चावी जणू माझ्या हातात ठेवून मोकळी झाली. शस्त्रक्रियेला रुग्ण योग्य आहे की नाही, हे ठरवण्यात माझी हयात गेली. त्याच रीतीने हाही विचार करावा असे मी ठरवले. त्या विचाराची मांडणी आपल्या मंडळातील तरुण सहकाऱ्यांना उपयोगी पडेल, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम इतिहास

रुग्णाचे वय कागदावर कळते, परंतु त्याची प्रकृती त्याच्या इतिहासावरून कळते. गाडीचेही तसेच. ‘कमी चाललेली’ हा शब्द ऐकताच आपण सुखावतो. पण कशी चालली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. डॉक्टरांची गाडी बहुधा घर ते दवाखाना, दवाखाना ते रुग्णालय अशी दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यांत फिरते. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही. थंड इंजिनात न जळालेल्या पेट्रोलचा व बाष्पाचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ते उडून जाईल इतकी उष्णता निर्माण होण्यापूर्वीच गाडी बंद होते. तेलाचा कस कमी होतो. सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरी पूर्ण भारित होत नाही. महामार्गावर नियमित धावून एक लाख किलोमीटर झालेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी अशा ‘कमी चाललेल्या’ गाडीपेक्षा अंतर्यामी निरोगी असू शकते.

त्यामुळे आकड्यापेक्षा पुरावा मागावा. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी, जुनी बिले, विम्याचे दरवर्षीचे कागद यांवरून किलोमीटरची चढती कमान सुसंगत आहे का, हे पडताळता येते. मीटरचा आकडा मागे फिरवणे अवघड नाही. मात्र पेडलचे झिजलेले रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि चालकाच्या आसनाची बसलेली गादी सहसा खोटे बोलत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर व एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणीची तारीख, मालकाचा अनुक्रम, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. ‘एकहाती’ म्हणजे नोंदणी पुस्तकात पहिलाच मालक, एवढाच अर्थ होतो. चालवणारे हात किती होते, हे पुस्तकात नसते.

आपल्या भागात इतिहासाचा आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा कोल्हापूर, सांगली व चिपळूणला महापूर आला. असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून आसपासच्या शहरांत विक्रीला येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून कोल्हापूर भागातील गाडी असेल तर त्या दोन पावसाळ्यांत ती कुठे उभी होती, हे सरळ विचारावे. मग उत्तरावर न विसंबता स्वतः पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का, आसनाखालच्या रुळांत चिखलाची पूड आहे का, आसनाचे बोल्ट गंजले आहेत का, दिव्यांच्या काचेआड पाण्याचे डाग आहेत का आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर धरला आहे का, हे पाहावे. गालिचा बदलता येतो, अत्तर शिंपडता येते. आसनाखालचा गाळ मात्र बहुधा कोणी काढत नाही.

आमच्या सँट्रोने ही परीक्षा पार केली. ती कोल्हापुरातील उंच भागात राहिलेली होती आणि सेवा केंद्राच्या नोंदी सलग होत्या.

दर्शन, स्पर्श, ताडन, श्रवण

तपासणीचा क्रम आपल्याला विद्यार्थिदशेतच शिकवलेला असतो. फक्त येथे रुग्ण सकाळी उपाशीपोटी, म्हणजे इंजिन थंड असताना पाहावा. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिनाच्या तक्रारी कळत नाहीत. बॉनेटवर हात ठेवून पाहिले की ते समजते.

दर्शनात पहिला मान धुराचा. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जाते आहे. पांढरा, दाट आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट ज्वलनकक्षात शिरत असल्याची शंका. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला, तर मात्र दोन निदाने संभवतात. एक, सिलिंडर हेडच्या गॅस्केटमधून कूलंट तेलात मिसळत असेल. दुसरे, गाडी केवळ छोट्या फेऱ्यांत वापरल्याने बाष्प साचले असेल. पहिला आजार खर्चिक, दुसरा साधा. कूलंटची पातळी आठवडाभरात घटते का आणि लांबच्या एका फेरीनंतर तो थर नाहीसा होतो का, यावरून फरक करता येतो. आमच्या गाडीच्या झाकणाखाली हा थर होता. मालक डॉक्टर होते हे लक्षात घेता दुसरे निदान संभवनीय होते आणि निपाणीपर्यंत जाऊन आल्यावर ते खरे ठरले.

स्पर्श आणि ताडन पत्र्यासाठी. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत गेले की जेथे लांबी भरलेली असते तेथे आवाज बद्द येतो. लहानसे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवले तर अशा जागी ते धरत नाही. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का आणि बॉनेटखालच्या पट्ट्यांवरचे वेल्डिंगचे ठिपके मूळचे आहेत का, हेही पाहावे. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१५’ असेल तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मलेला आहे, मग त्याची नक्षी कितीही ठसठशीत असो. रबर वापराने झिजते तसे वयानेही कडक होते. हाच न्याय टायमिंग बेल्टला. सँट्रोच्या इंजिनात तो रबरी असतो. किलोमीटर कमी झाले म्हणून चौदा वर्षांचा पट्टा तरुण ठरत नाही आणि तो रस्त्यात तुटला तर गाडी जागीच थांबते.

श्रवणासाठी रस्ता हवा. खिडक्या खाली करून, रेडिओ बंद ठेवून खड्ड्यांच्या रस्त्याने हळू जावे. सस्पेन्शनचे खडखडणे, वळणावर ड्राइव्ह शाफ्टचे टकटकणे आणि ब्रेक दाबताना गाडीचे एका बाजूला ओढणे ध्यानात येते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे.

एवढे झाल्यावर तज्ज्ञाचे मत घ्यावे. आणि तो तज्ज्ञ आपण निवडलेला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नसावा. मी उद्यमबागेतील आमच्या जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, टॉर्चने पोट न्याहाळले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इंजिनाला काय बी झालेलं न्हाई. पण खालनं बघा की जरा.” पुढच्या क्रॉस मेंबरच्या कडेला आणि चालकाच्या पायाखालच्या पत्र्यात गंज धरला होता. वरचा रंग अगदी ठाकठीक होता. मालकांचे गावी समुद्राकाठी वरचेवर जाणे असे, ते नंतरच्या बोलण्यात कळले. खारी हवा आणि पाऊस यांचा लेखाजोखा गाडीच्या पोटाखाली लिहिलेला असतो, तो वरून दिसत नाही.

कागदांचा भाग

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना गाडीपेक्षा कागद अधिक दमवतात. एमएच-०९ ची गाडी बेळगावात केए-२२ व्हायची, म्हणजे प्रथम कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र, मग नमुना २९ व ३० वर मालकीबदल, कर्ज असल्यास बँकेच्या सहीसह नमुना ३५ आणि त्यानंतर कर्नाटकात नवी नोंदणी व गाडीच्या वयानुसार कमी होत जाणारा आजीवन कर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली तर नोंदणी बदलणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार बंधनकारक आहे. ‘आहे तशी चालवा, कोण विचारतो?’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नये.

मालकीबदलाची बाब तर विकणाऱ्यानेही गांभीर्याने घ्यायला हवी. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाईल. त्या खटल्यातील गाडी मधल्या काळात अनेक हातांतून गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतील मालकावरच आली. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आपोआप येत नाही.

शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपणार होती. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. मात्र मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. म्हणजे आमच्या रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया करून वर्षभरातच त्याला पुन्हा शारीरिक पात्रतेच्या परीक्षेला बसवायचे होते, आणि तेही पोटाखालच्या गंजासह.

हिशेब

एक लाख वीस हजार ही सँट्रोची किंमत नव्हती; ती केवळ प्रवेश फी होती. चार टायर, टायमिंग बेल्ट व त्याबरोबर पाण्याचा पंप, पुढचे सस्पेन्शन, बॅटरी आणि गंजाचे काम यांचा मिस्त्रींनी दिलेला अंदाज पंचेचाळीस हजारांचा होता. नोंदणी, कर आणि फेऱ्या यांचे पंधरा हजार धरले. एकूण एक लाख ऐंशी हजार. पाच वर्षांनी तिचे तीस हजार आले तरी पुष्कळ, म्हणजे प्रत्यक्ष खर्च दीड लाख.

याच्या शेजारी मी दुसरी गाडी मांडली. बेळगावातच २०२० ची एक टियागो चार लाख दहा हजारांना मिळत होती. किरकोळ कामे व मालकीबदल धरून चार लाख पस्तीस हजार. अडीच लाखांच्या कर्जाचे तीन वर्षांचे व्याज सुमारे पन्नास हजार. आणि पाच वर्षांनी दोन लाख परत येतील असा अंदाज. प्रत्यक्ष खर्च दोन लाख पंचाऐंशी हजार. दोन्हींतील फरक एक लाख पस्तीस हजार. साठ महिन्यांवर वाटला तर महिन्याला सव्वादोन हजार रुपये. खरेदीच्या दिवशी जो फरक तीन लाखांचा डोंगर वाटत होता, तो पाच वर्षांच्या पट्ट्यावर ठेवल्यावर एवढाच उरला. त्यात सँट्रोच्या पुढील दुरुस्त्या मी धरल्याच नव्हत्या. इथेनॉलमिश्रित ई-२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. तो खर्च दोन्ही गाड्यांना असला तरी वयोवृद्ध गाडीच्या नळ्या आधी मऊ पडतात.

अर्थात सव्वादोन हजार रुपये हीही काही घरांत मोठी रक्कम असते. केवळ हिशेबावर निर्णय सोडायचा असता, तर मी पुतणीला सँट्रो घ्यायला सांगितले असते. एक लाख ऐंशी हजारांत कर्ज न काढता भिजणे वाचवणारी, भाग सहज मिळणारी, उद्यमबागेतला कोणीही मिस्त्री दुरुस्त करू शकेल अशी गाडी तिला मिळाली असती. निर्णय फिरला तो वेगळ्या कारणाने.

जे दुरुस्त होत नाही

टायर बदलता येतात, पट्टा बदलता येतो, क्लच नवा बसतो, इंजिनसुद्धा खोलून पुन्हा उभे करता येते. परंतु गाडीचा सांगाडा आणि त्याच्याशी जुळवून रचलेली एअरबॅगची यंत्रणा मागाहून बसवता येत नाही. गाडी ज्या दिवशी कारखान्यातून बाहेर पडली, त्या दिवशी देशाचे नियम तिच्याकडून जेवढे संरक्षण मागत होते, बहुधा तेवढेच ती आयुष्यभर देते.

आणि आपल्या देशात हे नियम फार उशिरा आले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या प्राथमिक आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्या घरोघरी दिसणाऱ्या, लोकप्रिय गाड्या होत्या. त्यानंतर धडक-चाचणीचे निकष नव्या प्रकारच्या गाड्यांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. एबीएस सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग व सीटबेल्टची आठवण करून देणारा इशारा जुलै २०१९ पासून सक्तीचा झाला. शेजारच्या आसनाची एअरबॅग आधीपासून बाजारात असलेल्या गाड्यांना २०२१ च्या अखेरीपर्यंत बंधनकारक झाली.

म्हणून माझ्या मते वापरलेली छोटी गाडी घेताना २०१९ हे वर्ष म्हणजे एक पाणलोट आहे. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी रंगाने, आकाराने, कधी नावानेही एकच असेल. पण पावसात निसरड्या वळणावर ब्रेक दाबल्यावर त्या दोघी वेगळ्या वागतात. एबीएसमुळे चाके जाम होत नाहीत आणि चालकाला दिशा बदलता येते. आमच्या सँट्रोत एबीएस नव्हते, एअरबॅग नव्हती. सीटबेल्ट तेवढे होते. आणि व्होल्वोने १९५९ मध्ये मोटारीत आणलेल्या तीनबिंदू पट्ट्याचे उपकार मानावे तेवढे थोडेच, तरी समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाबतीत एकटा पट्टा पुरा पडत नाही.

अपघात विभागात ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. स्टिअरिंगवर आदळलेली छाती, तुटलेल्या बरगड्यांचा श्वासागणिक उलट हलणारा तुकडा, काचेवर आपटलेले कपाळ, डॅशबोर्डवर आदळून खुब्याच्या खोबणीतून मागे सरकलेला मांडीच्या हाडाचा माथा! या इजांचे वर्गीकरण आपण परीक्षेत लिहिले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतील काहींच्या नातेवाइकांना बाहेर येऊन सांगायचे ते सांगितले. मी माझ्या पुतणीचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. प्रसूतीची रुग्ण आल्यामुळे उशीर झालेला, जांबोटीकडून अंधारात परत येणे, पाऊस, मध्येच रस्त्यावर आलेले जनावर आणि समोरून घाट उतरून आलेला ट्रक. या चित्रात महिन्याला सव्वादोन हजार रुपये मला फार वाटले नाहीत.

तरीही ‘२०१९ नंतरची’ एवढे म्हणून थांबू नये. नियम किमान मर्यादा सांगतात. त्यांच्या वर गाड्यागाड्यांत अंतर असते. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या नव्या वॅगन आरला ग्लोबल एनकॅपच्या त्याच वर्षीच्या चाचणीत दोन तारे मिळाले. टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार. दोन्ही गाड्या वापरलेल्या बाजारात जवळपास सारख्या किमतीत मिळतात. एक अधिक ऐसपैस आणि देखभालीस स्वस्त, दुसरी आघातात अधिक भक्कम. शहरात ज्याला चढउतार सोपी हवी आहे त्याने पहिलीचा विचार करावा. रोज महामार्गावर वा घाटात जाणाऱ्याने दुसरीचा. जुन्या निकषांचे तारे आणि पुढे २०२२ मध्ये कडक झालेल्या निकषांचे तारे यांची मात्र थेट तुलना करू नये. रक्तातील साखर वेगवेगळ्या पद्धतीने मोजून आकडे शेजारी ठेवण्यासारखे ते होईल.

टियागोचीही तपासणी याच क्रमाने झाली. मागचे दोन टायर बदलावे लागले, डावे दार एकदा रंगवलेले निघाले, बाकी प्रकृती उत्तम. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुतणीच्या नावावर झाली.

मग जुनी गाडी कोणी घ्यावी?

वरील विवेचनावरून जुन्या गाडीला माझा सरसकट विरोध आहे असा समज होऊ नये. ज्या घरापुढे ‘जुनी गाडी की नवी गाडी’ हा प्रश्नच नाही, ‘जुनी गाडी की दुचाकी’ एवढाच प्रश्न आहे, तेथे माझे उत्तर वेगळे आहे. नवरा, बायको आणि दोन मुले एका स्कूटरवरून पावसात जाणार असतील, तर त्यापेक्षा चांगल्या ब्रेकची, पट्टे शाबूत असलेली जुनी मोटार निःसंशय बरी. निवृत्त दांपत्याला मंडईत, देवळात आणि नातवंडांच्या शाळेत जायचे आहे, गावाबाहेर क्वचितच पडायचे आहे. त्यांनाही ती शोभते. त्यांनी तेवढे महिन्यातून एक-दोनदा तिला लांबची फेरी घडवावी, म्हणजे तेलातले बाष्प उडेल. नव्याने वाहन शिकणाऱ्यालाही, शहराच्या वेगात, एखादे वर्ष जुनी गाडी चालेल. ती सँट्रो अखेर कोल्हापुरातच एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेली, गंजाचे काम करून घेऊन. तेथे तिचे उरलेले आयुष्य सुखात जाईल आणि तिच्यामुळे कोणाच्या जिवाला घोर लागणार नाही.

ज्याला मात्र रोज, वेगाने, रात्री-अपरात्री आणि पावसातून जायचे आहे, त्याने गाडीच्या इंजिनापेक्षा तिच्या जन्मतारखेकडे आधी पाहावे. आपल्या व्यवसायातील तरुणांचा समावेश नेमका याच गटात होतो. निवासी डॉक्टर चोवीस तासांची पाळी संपवून, डोळ्यांवर झापड असताना स्टिअरिंगवर बसतात. पैसे सर्वांत कमी आणि धोका सर्वांत अधिक, असे ते वय आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या लग्नासाठी वा दवाखान्याच्या फर्निचरसाठी जी रक्कम बाजूला ठेवली असेल, तीतील थोडी अशा वेळी गाडीकडे वळवावी, असे माझे नम्र मत आहे.

आणि आपल्यापैकी जे जुनी गाडी विकणार आहेत, त्यांना एक विनंती. रुग्णाला घरी सोडताना आपण त्याला डिस्चार्ज कार्ड देतो; काय झाले होते, काय केले, पुढे काय जपायचे हे त्यात लिहितो. गाडी विकतानाही तसा एक कागद द्यावा. कोणते भाग केव्हा बदलले, कुठे ठोकर लागली होती, पोटाखाली गंज आहे का, कोणते काम टाळत आलो, हे आपल्या हस्ताक्षरात लिहून द्यावे. त्यामुळे किंमत दोन-पाच हजारांनी कमी येईल. परंतु ती गाडी घेऊन जाणारा तरुण रात्रीच्या रस्त्यावर कशावर विसंबावे आणि कशावर विसंबू नये, हे जाणून निघेल. बाजाराने आपल्या व्यवसायाच्या नावावर एवढी वर्षे जो विश्वास टाकला आहे, त्याची परतफेड करण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.